मोरवेलीचे कुल : त्याची रचना, उत्क्रांती आणि त्यातील विषारी वनस्पतींची ओळख

पावसाळा ओसरू लागला म्हणजे घाटमाथ्याच्या मुलखात शेताच्या कुंपणांवर, रानाच्या कडेने व ओढ्याकाठच्या झुडपांवर एक वेल पांढऱ्या, लहान फुलांनी भरून जाते. पुढे फुले गळतात आणि त्यांच्या जागी मऊ, चकचकीत पिसांचे झुबके दिसू लागतात. ही मोरवेल होय. काही ठिकाणी तिला रानजाई असेही म्हणतात. या वेलीचे पीक कोणी घेत नाही व बाजारात तिला भावही नाही. मग शेतकऱ्याने तिच्याकडे लक्ष का द्यावे, असा प्रश्न साहजिकच पडेल.

त्याचे उत्तर तिच्या गोतावळ्यात आहे. लोणच्याच्या मसाल्यात पडणारी कलौंजी, मुलांच्या पोटदुखीवर घरोघरी उगाळले जाणारे अतिविष आणि ज्याच्या नखाएवढ्या तुकड्यानेही माणूस दगावू शकतो तो बचनाग, या तिन्ही वनस्पती मोरवेलीच्याच कुलातील आहेत. एकाच घरात मसाला, औषध व विष अशी तिन्ही नांदतात. यातील कोणती वनस्पती कोणती, हे केवळ गावात चालत आलेल्या नावावरून ठरवू गेल्यास घात होतो. म्हणून या कुलाची ठळक लक्षणे, त्याचा पूर्वेतिहास व त्यातील विषांचा स्वभाव यांची माहिती शेतकरी बंधूंना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे आवश्यक आहे.

कुल म्हणजे काय?

ज्वारी, बाजरी, गहू, ऊस व हराळी ही दिसावयास निरनिराळी असली तरी त्यांची पेरी, पाने व कणसे पाहिली म्हणजे ती एकाच गोत्रातील आहेत हे ध्यानात येते. तूर, हरभरा व भुईमूग यांच्या शेंगा व मुळांवरील गाठी त्यांचे नाते सांगतात. अशा रीतीने फुलांच्या, फळांच्या व बियांच्या रचनेतील साम्यावरून वनस्पतींचे जे मोठे समूह केले जातात त्यांस शास्त्रात कुल म्हणतात. कुलात अनेक प्रजाती व प्रजातीत अनेक जाती येतात.

कुल कळल्याने पुष्कळशा गोष्टी आपोआप कळतात. एखादी अनोळखी वनस्पती शेंगेच्या कुलातील आहे एवढे कळले, तरी तिच्या मुळांवर नत्र साठविणाऱ्या गाठी असण्याचा संभव आहे असा अंदाज बांधता येतो. त्याचप्रमाणे एखादी वनस्पती मोरवेलीच्या कुलातील आहे असे दिसून आले, तर तिचा रस अंगाला लावताना किंवा पाला गुरांपुढे टाकताना थबकावे, असा इशारा मिळतो.

या कुलाचे शास्त्रीय नाव रॅनन्क्युलेसी असे आहे. लॅटिन भाषेत ‘राना’ म्हणजे बेडूक. या कुलातील अनेक वनस्पती बेडकाप्रमाणे दलदलीत व पाणथळ जागी वाढतात, म्हणून त्यातील मुख्य प्रजातीस ‘लहान बेडूक’ अशा अर्थाचे रॅनन्क्युलस हे नाव पडले. युरोपातील कुरणांत तिची पिवळी, तुकतुकीत फुले सर्वत्र दिसतात व इंग्रजीत त्यांना बटरकप म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ झ्यूस्य यांनी १७८९ साली या कुलाची रीतसर मांडणी केली. आज त्यात सुमारे पन्नास ते साठ प्रजाती व दोन हजारांहून अधिक जाती गणल्या जातात. त्यांपैकी बहुतेक उत्तर गोलार्धातील थंड व समशीतोष्ण प्रदेशांत आणि उंच पर्वतांवर आढळतात. भारतात हिमालय हे त्यांचे मोठे माहेरघर आहे. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात मात्र मोजक्याच जाती असून त्याही बहुधा सह्याद्रीच्या आश्रयाने राहिल्या आहेत.

फुलाची रचना

या कुलाची खूण फुलात पाहावी. बटरकपचे एक फूल हातात घेऊन ते बाहेरून आत उलगडीत गेल्यास पुढील गोष्टी दिसतात. सर्वांत बाहेर पाच हिरवट संदले असतात. त्यांच्या आत पाच पिवळ्या पाकळ्या असतात व प्रत्येक पाकळीच्या बुडाशी मधाचा एक लहान खिसा असतो. त्यांच्या आत पुष्कळ पुंकेसर दाटीने उभे असतात. मध्यभागी फुलाचा देठ किंचित फुगून त्याची उंचवटी झालेली असते व तीवर अनेक लहान लहान स्त्रीकेसर सुटे सुटे बसलेले असतात. हे सर्व अवयव एकमेकांस चिकटलेले नसतात. प्रत्येक भाग नखाने वेगळा काढता येतो.

हा सुटेपणा हे या कुलाचे मुख्य लक्षण होय. धोतऱ्याचे फूल घेतले तर त्याच्या पाकळ्या जुळून नरसाळे झालेले दिसते. भोपळ्याच्या फुलात फळ होणारा भाग पाकळ्यांच्या खाली असतो. मोरवेलीच्या कुलात तसे नाही. येथे पाकळ्या सुट्या, पुंकेसर सुटे व स्त्रीकेसरही बहुधा सुटे आणि पाकळ्यांच्या वरच्या अंगास बसलेले असतात. पुंकेसरांची संख्या ठराविक नसून ते बहुधा फिरकीच्या ओळीत मांडलेले असतात.

फळे मुख्यतः दोन प्रकारची असतात. बटरकप व मोरवेल यांच्या प्रत्येक स्त्रीकेसरापासून एकेकच बी असलेले, न फुटणारे कोरडे फळ तयार होते. त्यास कृत्स्नफळ म्हणतात. बचनाग, निळवंती यांच्या स्त्रीकेसरापासून लहान शेंगेसारखी पेटी तयार होते. ती एका बाजूने उकलते व आतील अनेक बिया बाहेर पडतात. कलौंजीत मात्र या पेट्या एकमेकांस जुळून त्यांचे फुगीर बोंड बनते. नियमास असे अपवाद असले तरी कलौंजीच्या बोंडावरील सुट्या शिंगांवरून त्याचे मूळचे वेगळेपण ओळखता येते.

मोरवेल : अपवादांनी ओळखली जाणारी वेल

या कुलातील बहुतेक वनस्पती म्हणजे लहान ओषधी होत. त्यांची पाने एकाआड एक येतात. मोरवेल, म्हणजे क्लेमॅटिस प्रजाती, या दोन्ही बाबतींत वेगळी आहे. तिचे खोड काष्ठमय होते व पाने समोरासमोर येतात. तिच्या फुलास खऱ्या पाकळ्याच नसतात. आपण ज्यांना पांढऱ्या पाकळ्या समजतो त्या वस्तुतः चार संदले आहेत. पाकळ्यांनी करावयाचे काम संदलांनी पत्करलेले आहे.

मोरवेल वर कशी चढते हेही पाहण्यासारखे आहे. काकडीप्रमाणे तिला ताणे नसतात व वालाप्रमाणे तिचे खोड आधारास वेढे देत नाही. तिच्या पानांचे देठच फांदीला विळखा घालतात. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली वेलींच्या चढण्यावर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात या प्रजातीच्या अनेक जातींचे निरीक्षण दिलेले आहे. विळखा घातलेला देठ कालांतराने जाड व टणक होतो, असे त्यांना आढळून आले. कुंपणावरील मोरवेल ओढून पाहणाऱ्यास तिची पकड किती घट्ट असते याचा अनुभव येतोच.

फळ धरल्यावर प्रत्येक स्त्रीकेसराचे टोक लांब होऊन त्यावर रेशमासारखे केस उगवतात. हीच ती पांढरी पिसे. वाऱ्यावर तरंगत बी दूर जावे यासाठी ही सोय असते. मोरवेल कुंपणोकुंपणी कशी पसरते याचे उत्तर या पिसात आहे.

सह्याद्रीतील इतर आप्त

पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर व गडांच्या माथ्यावर गडद निळ्या फुलांचे तुरे दिसतात. ही निळवंती होय. तिचे शास्त्रीय नाव डेल्फिनियम मलबारिकम असे असून ती फक्त पश्चिम घाटातच सापडते. तिच्या फुलाच्या मागील बाजूस शेपटीसारखी मधाची नळी असते. ही वनस्पती जगात अन्यत्र नसल्याने तिची कंदासह उपटणी करू नये व फुले ओरबाडू नयेत. शिवाय तिच्या प्रजातीतील वनस्पती विषारी म्हणून प्रसिद्ध आहेत, हे पुढे येईलच.

थॅलिक्ट्रम प्रजातीतील एक नाजूक वनस्पतीही सह्याद्रीच्या ओलसर कड्यांवर पावसाळ्यात उगवते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा अभ्यास करणारे डाल्झेल यांचे नाव तिला देण्यात आले आहे. डाल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला.

बागांतून हिवाळ्यात लावले जाणारे लार्कस्पर हे निळवंतीचेच जवळचे आप्त आहे. ते दिसावयास सुंदर असले तरी त्याच्या बिया विषारी असतात. म्हणून बियांच्या पुड्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

उत्क्रांती : जुना समज व नवा पुरावा

वनस्पतींवरील जुने ग्रंथ उघडले तर त्यांपैकी अनेकांत पहिलेच कुल मोरवेलीचे असते. हुकर यांच्या संपादनाखाली १८७२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ब्रिटिश हिंदुस्थानातील वनस्पतींच्या ग्रंथाचा आरंभ याच कुलापासून होतो. यामागे एक विचार होता. फुलाचे अवयव पुष्कळ, सुटे व फिरकीने मांडलेले असणे ही प्राचीनतेची खूण आणि ते थोडे, ठराविक व जुळलेले असणे ही नंतरच्या सुधारणेची खूण, असे शास्त्रज्ञ मानीत. त्या दृष्टीने मोरवेलीचे कुल हे फुलझाडांच्या अगदी मुळाशी असावे, असे त्यांस वाटे. सोनचाफा व सीताफळ यांच्या फुलांतही सुटे स्त्रीकेसर फुगीर देठावर गर्दी करून बसलेले असतात. सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे एकेका स्त्रीकेसराचाच भाग होय. म्हणून त्यांनाही याच गणात घातले गेले. कमळ व कुमुद हीसुद्धा याच गटात ठेवण्यात आली होती.

पुढे हा निवाडा बदलला. परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास सोनचाफा व सीताफळ यांच्या गटात परागावर बहुधा एकच चीर दिसते. मोरवेलीच्या कुलातील परागाची मूळ घडण तीन चिरांची आहे. तूर, कापूस, भुईमूग, सूर्यफूल, मिरची, आंबा अशा बहुसंख्य द्विदल वनस्पतींचे पराग याच तीन चिरांच्या घडणीतून निघालेले आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करता येऊ लागली आणि त्या तुलनेने परागाची साक्ष खरी ठरली. फुलझाडांच्या वंशवृक्षाच्या अगदी तळाशी न्यू कॅलेडोनिया बेटावरील अम्बोरेला हे झुडूप व कुमुदाचा गट आहे, असे १९९९ साली दिसून आले. मोरवेलीचा गण त्यानंतरचा आहे. तीन चिरांचे पराग असणाऱ्या प्रचंड शाखेतून सर्वांत आधी फुटलेली ती फांदी होय.

या नव्या मांडणीमुळे नातीगोतीही बदलली. कमळ हे कुमुदापासून दूर गेले व पानांफुलांत त्याच्याशी काहीच साम्य न दाखविणाऱ्या चिनार वृक्षाच्या शेजारी आले. सीताफळ व सोनचाफा दुसऱ्या शाखेवर गेले. मात्र गुळवेल, दारुहळद, अफू व आपल्या पडीक रानात माजणारा पिवळा धोतरा ही सर्व मोरवेलीच्या गणातच राहिली. बांधावरील पिवळा धोतरा हा खऱ्या धोतऱ्याचा भाऊ नसून मोरवेलीचा लांबचा आप्त आहे, हे ऐकून नवल वाटेल. पण रसायनशास्त्रही तीच साक्ष देते. दारुहळदीला पिवळा रंग देणारे बर्बेरीन हे कडू द्रव्य मोरवेलीच्या कुलातील, अरुणाचल प्रदेशात आढळणाऱ्या कॉप्टिस टीटा या वनस्पतीतही सापडते. पिवळ्या धोतऱ्यातील विषारी द्रव्येही त्याच घराण्यातील आहेत. या धोतऱ्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ आली व अनेक माणसे दगावली, ही गोष्ट येथे आठवावी.

हे कुल किती जुने असावे? चीनच्या ल्याओनिंग प्रांतातील खडकांत सापडलेल्या एका वनस्पतीच्या ठशाचे वर्णन २०११ साली प्रसिद्ध झाले. तिला लीफ्रुक्टस असे नाव देण्यात आले. तीन भागांत विभागलेली पाने व देठाच्या टोकाशी पाच अरुंद फळे असे तिचे रूप असून ती मोरवेलीच्या कुलाच्या जवळची आहे. तो खडक सुमारे १२ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी पृथ्वीवर डायनोसॉर हे महाकाय प्राणी वावरत होते व दख्खनचा काळा पाषाण अद्याप तयारही झालेला नव्हता.

शास्त्रज्ञांची दुसरी एक चूकही दुरुस्त झाली. एक बी असलेल्या फळाच्या वनस्पती एका बाजूस व अनेक बिया असलेल्या पेटीच्या वनस्पती दुसऱ्या बाजूस, अशी या कुलाची सोपी वाटणी पूर्वी केली जात असे. परंतु स्वीडनमधील लांगलेट यांनी १९३२ साली गुणसूत्रांची पाहणी केली तेव्हा त्यांस निराळेच चित्र दिसले. काही प्रजातींची गुणसूत्रे मोठी व काहींची बारीक होती आणि ही विभागणी फळांच्या विभागणीशी जुळत नव्हती. एकबीज फळाचे थॅलिक्ट्रम हे अनेक बियांच्या ॲक्विलेजियाच्या शेजारी जाऊन बसले. आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेने हाच निर्णय कायम केला. अर्थात एकबीज फळ या कुलात एकदा नव्हे, तर निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाले आहे. दिसण्यातले साम्य म्हणजे नेहमीच रक्ताचे नाते नव्हे, हा त्यातील धडा होय.

फुले व कीटक

फुलांची इतकी विविध रूपे एका कुलात का झाली, याचे उत्तर परागवाहकांत आहे. बटरकपचे फूल सर्वांस खुले असते. त्यावर माशी बसो, भुंगेरा बसो वा मधमाशी, मध व पराग सर्वांच्या आवाक्यात असतो. थॅलिक्ट्रमच्या काही जातींनी कीटकांचा नाद सोडून वाऱ्यावर भिस्त ठेवली आहे. त्यांचे पुंकेसर लोंबते व फूल अगदी साधे असते.

बचनागाचे फूल याच्या उलट टोकाचे आहे. त्याचे वरचे संदल टोपडीसारखे झालेले असते व त्या टोपडीखाली मधाच्या दोन उभ्या नळ्या दडलेल्या असतात. त्या मधापर्यंत लांब जिभेची, दणकट केसाळ माशीच पोहोचू शकते. बचनागाच्या प्रजातीचा प्रसार व या माश्यांचा प्रसार जगाच्या नकाशावर पुष्कळ अंशी जुळतो.

ॲक्विलेजियाचे उदाहरण याहून बोलके आहे. उत्तर अमेरिकेतील या प्रजातीच्या फुलांना मधाच्या नळ्या असतात. काही जातींत त्या आखूड असून त्यांवर केसाळ माश्या येतात. काहींत मध्यम असून त्यांवर गुंजन पक्षी येतात. काहींत त्या फार लांब असून त्यांवर रात्री उडणारे मोठे पतंग येतात. वंशवृक्षाच्या आधारे २००७ साली असे दाखविण्यात आले की, परागवाहक बदलला त्या त्या वेळी नळीची लांबी झपाट्याने वाढली. फुलाने पाहुणा बदलला व त्या पाहुण्याप्रमाणे ताट बदलले.

मोरवेलीने पाकळ्या का गमावल्या, याचाही शोध लागला आहे. या कुलात पाकळी घडविण्याच्या कामी एक विशिष्ट आनुवंशिक घटक लागतो. तो नाहीसा झाला किंवा निकामी झाला म्हणजे पाकळी होत नाही. पाकळ्या नसलेल्या अनेक प्रजातींत तो घटक बिघडलेला आहे, असे २०१३ साली चिनी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले.

दोन प्रकारची विषे

चालता न येणाऱ्या वनस्पतीला शत्रूपासून पळता येत नाही. तिचे शस्त्र रसायन हेच असते. मोरवेलीच्या कुलाने अशी दोन शस्त्रे तयार केली आहेत आणि त्या दोहोंतील भेद शेतकऱ्याने नीट समजून घेतला पाहिजे.

पहिले विष झोंबणारे आहे. बटरकप व मोरवेल यांच्या पेशींत मुळात एक निरुपद्रवी द्रव्य असते. पान चुरडले, चावले किंवा ठेचले म्हणजे त्यापासून प्रोटोॲनेमोनिन हे दाहक द्रव्य उत्पन्न होते. त्याने कातडीवर फोड येतात. जनावराने असा पाला खाल्ल्यास तोंड भाजते, लाळ गळते व हगवण लागते. मध्ययुगीन युरोपात काही भिकारी लोकांची करुणा भाकण्यासाठी मोरवेलीच्या एका जातीचा रस अंगाला लावून मुद्दाम व्रण करून घेत. म्हणून मोरवेलीचा ओला पाला वाटून दुखऱ्या भागावर बांधणे, किंवा जखमेत रस पिळणे धोक्याचे आहे. त्याने दुखणे बरे होण्याऐवजी नवा व्रण होतो. हे द्रव्य टिकाऊ नाही. पाला वाळला म्हणजे त्याचे निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर होते. म्हणूनच ओले बटरकप टाळणारी गुरे त्याचेच वाळलेले गवत निर्धास्तपणे खातात.

दुसरे विष याहून भयंकर आहे. बचनागातील ॲकोनिटीन व निळवंतीच्या प्रजातीतील तत्सम अल्कलॉइडे ही मज्जातंतू, स्नायू व हृदय यांवर आघात करतात. ॲकोनिटीन अवघे दोन मिलिग्रॅम पोटात गेले तरी मृत्यू येऊ शकतो. ही विषे पाला वाळल्याने नाहीशी होत नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कुरणांत निळवंतीच्या प्रजातीने गुरे मरण्याचे प्रकार दीर्घकाळ होत आले आहेत. तेथे असेही आढळले आहे की, मेंढ्या हे विष गाईबैलांपेक्षा पुष्कळ अधिक सहन करतात. त्यामुळे काही ठिकाणी अशा कुरणांत आधी मेंढ्या चारून मग गुरे सोडतात.

तेव्हा ‘वाळले म्हणजे विष गेले’ हा समज मोरवेलीपुरता खरा, पण बचनागाच्या बाबतीत प्राणघातक आहे. तसेच ‘शेळ्यामेंढ्यांना बाधले नाही, म्हणजे बैलालाही बाधणार नाही’ हा तर्कही चुकीचा आहे.

एक नाव, दोन विषे

बचनाग हे नाव संस्कृत ‘वत्सनाभ’ या शब्दावरून आले आहे. त्याचा कंद वासराच्या नाभीसारखा दिसतो, म्हणून ते नाव. खरा बचनाग हिमालयाच्या उंच भागात वाढतो. महाराष्ट्राच्या रानात तो उगवत नाही. आपल्याकडे तो वाळलेल्या, काळपट तपकिरी, निमुळत्या मुळांच्या रूपाने येतो. आयुर्वेदात तो वापरतात, परंतु गोमूत्रात वा दुधात उकळून शोधन केल्यानंतरच. उकळण्याने ॲकोनिटीनचे विघटन होऊन विष पुष्कळ सौम्य होते. मात्र हे काम जाणत्याचे आहे. घरी चुलीवर करून पाहावयाचे नव्हे.

परंतु महाराष्ट्रात काही ठिकाणी कळलावीलाही बचनाग किंवा खड्यानाग म्हणतात. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, पिवळ्या-तांबड्या ज्वाळेसारख्या फुलांची कळलावी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या पानांची टोके ताण्यांसारखी वळतात व जमिनीत नांगराच्या आकाराचा कंद असतो. तिचा मोरवेलीच्या कुलाशी काही संबंध नाही. ती एकदल वनस्पती असून तिच्यातील कोल्चिसीन हे विष निराळे आहे, पण तेही तितकेच जीवघेणे आहे.

दोहोंच्या लक्षणांतील फरक असा. खरा बचनाग पोटात गेल्यास थोड्याच वेळात ओठ व जीभ बधिर होऊन मुंग्या येतात, मग उलट्या होतात व नाडी अनियमित होते. कळलावीची बाधा बहुधा काही तासांनी उलट्या व जुलाब यांनी सुरू होते. मधल्या वेळात रोगी बरा दिसतो व नातेवाईक निर्धास्त राहतात. ही निर्धास्ती घातक ठरते. कोणत्याही प्रसंगी घरगुती उपाय करण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रोग्यास मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि खाल्लेल्या मुळाचा अगर कंदाचा उरलेला तुकडा बरोबर न्यावा. ‘बचनाग खाल्ला’ एवढे सांगणे पुरेसे नाही. तुकडा पाहूनच डॉक्टरांना नेमके विष ओळखणे सोपे जाते.

अतिविष ही बचनागाचीच सख्खी बहीण, परंतु ती विषारी मानली जात नाही. हिमालयातून तिची मुळे बेसुमार खोदली गेल्याने ती आता दुर्मिळ झाली आहे. एकाच प्रजातीत एक औषध व एक विष असल्याने, ओळखीच्या व विश्वासाच्या दुकानाशिवाय अन्यत्र अतिविष घेऊ नये.

कलौंजी व कांद्याचे बी

या कुलातील जे पीक भारतात खरोखर घेतले जाते ते कलौंजीचे. हे रब्बीचे पीक असून थंडीच्या तोंडाशी पेरतात. फुले पांढरी ते फिकट निळी असतात. तिच्या खऱ्या पाकळ्या झाकण असलेल्या मधाच्या लहान कुप्या झालेल्या असतात व रंगीत दिसतात ती संदले होत. बोंडे पिवळी पडू लागताच काढणी करावी लागते. उशीर झाल्यास बोंडे उकलून बी गळते.

कलौंजीला कोठे काळे जिरे म्हणतात. परंतु शहाजिरे व कडू जिरे यांसही कोठे कोठे हेच नाव आहे. शहाजिरे कोथिंबिरीच्या कुलातील व कडू जिरे सूर्यफुलाच्या कुलातील आहे. कारळेही सूर्यफुलाच्याच कुलातील होत. तेव्हा बी मागविताना नावावर न जाता नमुना पाहून खात्री करावी.

कलौंजी व कांद्याचे बी ही दोन्ही काळी, टोकदार व कोनाकोनांची असल्याने पाहता पाहता फसगत होते. त्यांची पारख सोपी आहे. बी चिमटीत चुरडून हुंगावे. कलौंजीस मसाल्याचा उग्र सुगंध येतो. तरीही संशय राहिला तर थोडे बी ओल्या फडक्यात उगवून पाहावे. कांदा एकदल असल्याने त्याचा एकच हिरवा धागा वाकडा होऊन वर येतो. कलौंजी द्विदल असल्याने तिची दोन पाने उलगडतात. कांद्याचे महागडे बी वाफ्यात टाकण्यापूर्वी ही चाचणी घेतल्यास उगवणशक्तीही आपोआप कळते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. फुलाचे सर्व भाग सुटे, पुंकेसर पुष्कळ व स्त्रीकेसर सुटे असतील, तर ती वनस्पती या कुलातील असू शकते. अशा अनोळखी वनस्पतीचा रस किंवा मूळ वापरू नये.

२. मोरवेलीचा ओला पाला कातडीवर बांधू नये व वैरणीत मिसळू देऊ नये. चाऱ्याच्या टंचाईत गुरे एरवी टाळलेला पालाही खातात, म्हणून त्या काळात विशेष दक्षता घ्यावी.

३. जनावराच्या तोंडाला फोड, लाळ व हगवण दिसल्यास चराईची जागा पाहून पशुवैद्यकास त्या ठिकाणच्या वनस्पतीचा नमुना दाखवावा. लाळ-खुरकत हा रोगही तोंडास फोड आणतो, म्हणून निदान स्वतःच करू नये.

४. बचनाग व कळलावी यांचे कंद घरात उघडे ठेवू नयेत. नाव सारखे असले तरी विष वेगळे आहे व दोन्ही प्राणघातक आहेत.

५. निळवंतीसारख्या केवळ पश्चिम घाटातच आढळणाऱ्या वनस्पती उपटू नयेत. त्या गेल्या तर अन्यत्र कोठूनही आणता येणार नाहीत.

कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या अखेरीस गावातील शाळेच्या मुलांना बरोबर घेऊन शिवारात एक फेरी काढावी. मोरवेल, कळलावी व पिवळा धोतरा या तिन्ही वनस्पती बहुतेक गावांत एका दिवसात दाखविता येण्यासारख्या आहेत. हात न लावता त्यांची फुले, पाने व फळे दाखवून प्रत्येकीचे गावात चालणारे नाव वहीत लिहून घ्यावे. एकाच नावाने किती वनस्पती ओळखल्या जातात हे त्या वहीवरून दिसून येईल, आणि अपघाताच्या वेळी तीच वही दवाखान्यात उपयोगी पडेल.